‘मिंधा’ कुणाला म्हणायचं?

प्रश्न असा आला : परदेशी मदत घेणाऱ्या देशाला ‘मिंधा’ म्हणतात, मग ‘ऋणी’ का नको? आणि ‘ताटाखालचं मांजर’ म्हटलं तर अर्थ तोच ना?

नाही, तिन्हींत फरक आहे. ‘मिंधा’ हे फारसी ‘शर्मिंदा’चं मराठीत झिजलेलं रूप. पुढचं ‘शर’ गळालं, लाज तेवढी राहिली. ऋणी माणूस मोकळ्या मनानं उपकार बोलून दाखवतो. मिंध्याला तसं जमत नाही. देणारा कधी काय मागेल याचा घोर त्याला असतो. ताटाखालच्या मांजराला लाजच उरलेली नसते.

आमच्या लातूरकडं हा शब्द रोजच्या बोलण्यातला. बहात्तरच्या दुष्काळात आज्जी खडी फोडायला जायची. घरात अमेरिकेची लाल मिलो ज्वारी. भाकरी तांबूस व्हायची, थापताना कडा चिरायच्या. ‘सरकारनं जगवलं तुम्हाला’ असं कुणी म्हणालं की आज्जी तळहात पुढं करायची. ‘‘खडी फोडून खाल्लंय बाबा. मिंधी न्हाई मी कुणाची.’’ त्यातलं ‘कुणाची’ महत्त्वाचं. हा शब्द एकटा उभा राहत नाही.

देशाला तो कसा लागतो ते १९६५-६६ मध्ये दिसतं. लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला. पीएल-४८० या अन्नमदतीच्या अमेरिकी कायद्याखाली तिकडचा गहू येत होता; अध्यक्ष जॉन्सन यांनी लांब मुदतीचा करार टाळून तो हात राखून, थोडा-थोडा सोडायला सुरुवात केली. भारतानं शेतीधोरण बदलावं हा आग्रह होता, अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धावर भारत करत असलेल्या टीकेचा रागही होता. शिवाय रुपयाचं अवमूल्यन करा, असा जागतिक बँक आणि नाणेनिधीचा दबाव. ६ जून १९६६ ला ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना झाला. इंदिरा गांधींना पंतप्रधान होऊन पाच महिनेही झाले नव्हते. डाव्यांनी झोडपलं ते झोडपलंच, खुद्द काँग्रेसाध्यक्ष कामराजही नाराज झाले. त्यात अवमूल्यनाच्या बदल्यात कबूल झालेला मदतीचा पैसाही पुरता हाती आला नाही.

माझ्या मते शब्दाचं मर्म इथं आहे. मिंधेपणा देणाऱ्यापुढं जेवढा जाचतो, त्याहून जास्त घरच्यांपुढं जाचतो. त्याच जुलैत इंदिराबाईंनी मॉस्कोत व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवा अशी मागणी केली. ताटाखालचं मांजर असं गुरगुरत नाही. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या हातून बरीच राज्यं गेली. महागाई आणि टंचाई ही कारणं होतीच, पण ‘परक्यांपुढं वाकले’ हा ठपकाही सोबत होता.

एक वेगळं उदाहरण. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जागतिक बँकेचा पैसा आला, त्याला आपण सरसकट ‘मदत’ म्हणतो. ते कर्ज होतं. तिथं ‘देणेकरी’ हा साधा, सरळ शब्द पुरतो.

तेव्हा ‘मिंधा देश’ एवढंच लिहून थांबू नका. कुणाचा, आणि कशापायी, तेही लिहा.