परडीतल्या कवड्या

प्रिय सई,

शनिवारी गाडीत तू विचारलंस, "आई, आपल्या परडीत कवड्या का असतात? आणि त्याच कवड्या कामिलाच्या आबुएलाच्या, म्हणजे तिच्या आजीच्या, घरी कशा?" मी "घरी गेल्यावर सांगते" म्हटलं आणि घरी गेल्यावर कुकर लावला. बोलायला बसले की माझी तीन भाषांची भेळ होते, म्हणून लिहितेय. कुठे अडलीस तर मोठ्याने वाच, कळेल.

आधी आपलं. ती वेताची परडी सोलापूरच्या आजीची. आपलं कुळदैवत तुळजापूरची भवानी. आजी मंगळवारी नि शुक्रवारी परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायची. घरात पीठ नव्हतं म्हणून नव्हे. देवीपुढे आपण सगळे मागणारेच, एवढ्यासाठी. गळ्यात कवड्यांची माळ. कवडी हा देवीचा दागिना. भुत्ये तर अंगभर कवड्या मिरवतात. का, असं मी आजीला तुझ्याएवढी असताना नाही, लग्नानंतर विचारलं. "तिला आवडतात म्हणून," एवढंच म्हणाली. मला वाटतं, कवडी हा एके काळी पैसा होता हेही त्यात असावं. आपण अजून 'कवडीमोल' म्हणतो, 'फुटकी कवडी नाही' म्हणतो, आणि तुझे बाबा टिप देताना मी त्यांना 'कवडीचुंबक' म्हणते.

पण तुळजापूरला समुद्र कुठाय? कवड्या यायच्या मुख्यतः मालदीवहून. तिथून बंगालला, श्रीलंकेला, आणि पुढे युरोपियनांच्या जहाजांतून लिस्बन, ॲमस्टरडॅम, लंडनला. युरोपात त्यांचा काही उपयोग नव्हता. तिथून त्या पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेत, कारण तिथे तेच चलन होतं. आणि त्या कवड्या मोजून माणसं विकत घेत. हे वाक्य मी तीनदा खोडलं, पण तू तेरा वर्षांची आहेस.

त्या माणसांत योरुबा खूप होते, म्हणजे आजच्या नायजेरियाचा नैर्ऋत्य भाग आणि शेजारचं बेनिन इथली माणसं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचं ओयोचं मोठं राज्य कोसळलं, लढाया पेटल्या, पकडलेली माणसं जहाजांवर चढली. क्यूबात उसाच्या मळ्यांवर त्यांना 'लुकुमी' म्हणू लागले. तिथली गुलामगिरी कायद्याने संपली 1886 साली. आबुएला आपल्या धर्मालाही लुकुमीच म्हणतात. त्याच धर्माचं दुसरं नाव 'सांतेरिया', पण तो शब्द त्यांना फारसा रुचत नाही, तेव्हा त्यांच्यासमोर जपून.

आता त्यांच्या दाराआडचं ते सिमेंटचं डोकं, कवड्यांचे डोळे आणि कवडीचंच तोंड असलेलं. तो एलेग्वा. वाटा उघडणारा आणि मनात आलं तर बंद करणारा. सोमवारी त्याला गोळ्या-चॉकलेट, थोडी रम, सिगारचा धूर. पहिला मान त्याचा. तू लगेच "म्हणजे गणपती!" म्हणालीस. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. पहिला मान सोडला तर दोघांचं फारसं जमायचं नाही. एलेग्वा भलताच खोडकर आहे. सगळे देव एकच म्हणून टाकलं की दोघांपैकी कोणाकडेच नीट बघावं लागत नाही.

कवडीने ते देवाला प्रश्नही विचारतात. 16 कवड्या चटईवर टाकायच्या आणि किती तोंड वर करून पडल्या ते मोजायचं. कवडीची पाठ घासून सपाट केलेली असते, नाहीतर ती उताणी-उपडी नीट बसत नाही. आपल्या माळेतल्या कवड्यांचीही पाठ फोडलेली आहे बघ, पण ती दोरा ओवायला. प्रत्येक आकड्याच्या आपल्या कथा, आपले उपाय. बाराच्या वर आकडा गेला तर टाकणारा गप्प बसतो आणि माणसाला बाबालावोकडे, म्हणजे इफा ही देवाला प्रश्न विचारायची मोठी विद्या जाणणाऱ्याकडे, पाठवतो. या सगळ्याला म्हणतात दिलोगून. मूळ योरुबा शब्द 'मेरिन्दिन्लोगुन', म्हणजे सोळा. पण शब्दशः 'विसाला चार कमी'. मराठीतले एकोणीस, एकोणतीस पाठ करताना तू माझ्यावर चिडायचीस ना? तिथली मुलं चारचार कमी करतात.

मला सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळीच आहे. योरुबा मुलखात देव गावाचा आणि घराण्याचा असे. शांगो ओयोचा, ओशुन ओशोग्बोच्या नदीची. बापाकडून मुलाकडे, जसं आपलं कुळ. मळ्यावर नवरा एका मालकाकडे, बायको दुसऱ्याकडे, मूल तिसऱ्याकडे. कुळच राहिलं नाही तर कुळदैवत कोणाचं? मग त्यांनी नवं घर बांधलं. जी दीक्षा देते ती माद्रिना, धर्माची आई. तिचे सगळे दीक्षित एकमेकांची भावंडं. त्या घराला म्हणायचं ईले. आणि गावोगावचे देव एका फळीवर आले, सूपपात्रांत, शेजारी शेजारी. बेकरीतला तो मुलगा डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्यात असतो, आठवतो? तो इयावो आहे, त्याचं दीक्षेचं वर्ष चाललंय. इयावो म्हणजे नवरी. मुलगा असला तरी नवरीच.

हे सगळं चर्चच्या डोळ्यांदेखत. शांगो विजेचा देव, लाल-पांढऱ्याचा. त्याला सांता बार्बारा या चर्चच्या संतिणीत बसवलं, कारण तिच्याही गोष्टीत तिला मारणाऱ्या बापावर वीज पडते. अजून 4 डिसेंबरला तिच्या मूर्तीपुढे लाल फुलं ठेवणारे कितीतरी जण मनात चांगोच (शांगोचा क्यूबातला उच्चार) म्हणत असतात. विचारलं तर "सांता बार्बारा."

आता माझी गोष्ट. मागच्या नवरात्रात आबुएला कामिलाला न्यायला आल्या होत्या. देव्हाऱ्यापाशी थांबल्या, परडीकडे बघून विचारलं, "ही कोणाची?" आणि मी म्हटलं, "काही नाही, डेकोरेशन." का म्हटलं? बाजूला तुझ्या वर्गातली आणखी एक आई उभी होती, एवढंच. आबुएला "बोनितो", म्हणजे छान, म्हणाल्या आणि निघाल्या. त्यांच्या लोकांनी देव लपवला तो चाबकाखाली. मला कोणी बोटही लावलं नव्हतं.

म्हणून वर्गात फ्लोरिडातल्या हायलिया शहराच्या पशुबळीच्या खटल्यावर मुलं "ईऽऽ" करत होती तेव्हा तू मान खाली घातलीस, हे ऐकून मी तुला काही बोलले नाही. तो खटला आपल्या घरापासून वीस मिनिटांवर घडलाय. 1987 साली एर्नेस्टो पिचार्डो यांनी तिथे लुकुमींचं देऊळ काढायला जागा भाड्याने घेतली, आणि शहराने घाईघाईने बळीविरुद्ध नियम केले. नियम असे बेतले होते की खाटीक सुटला, ज्यूंचं कोशर मांस सुटलं, शिकार सुटली, अडकले फक्त हेच. 11 जून 1993 ला सुप्रीम कोर्टाने ते सगळे रद्द केले, नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी. आणि मुलांना हे कोणी सांगत नाही की, आजारपणाचे नि मृत्यूचे विधी सोडले तर तो बळी शिजवून खातात. वर्गातली मुलं नगेट खातातच की.

तुझ्यापासून मीही एक लपवलंय. माझ्या माहेरी आखाडात म्हसोबाला बकरं पडायचं, आणि वाटे घरोघरी जायचे. तुळजापूरलाही नवरात्रात अजाबळी असतो. तुला मी फक्त आरती आणि पुरणपोळी दाखवली, कारण तेवढं इथल्या हॉलमध्ये बसतं. मला स्वतःला ते बघवायचं नाही, मी शेतात पळून जायचे. पण रस्सा खायला परत यायचे.

काल मी आबुएलांना फोन केला. माझं स्पॅनिश तुला माहीतच आहे. म्हटलं, ती परडी सजावट नाही, आमच्या भवानीआईची आहे, त्या दिवशी मी खोटं बोलले. पलीकडे थोडा वेळ फक्त टीव्हीचा आवाज. मग त्यांनी विचारलं, "ती काय खाते?"

मी म्हटलं, पुरणपोळी. बकऱ्याचं पुढच्या भेटीत सांगेन. शुक्रवारी त्या येणार आहेत, तेव्हा गुरुवारी रात्री हरभऱ्याची डाळ भिजत घालायची आठवण कर, आणि पुरण वाटायला फोन खाली ठेवून ये.

तुझी,
आई