कॉलेजच्या मोफत सल्ला केंद्रात दिवाणी काम शिकताना : प्रश्नोत्तरे

विधी महाविद्यालयांच्या सल्ला केंद्रांत बसणाऱ्या विद्यार्थ्यांचे हे पाच प्रश्न.

प्रश्न : केंद्रावर आलेली व्यक्ती वीस वर्षांची भाऊबंदकी सांगत बसते. तासाभराने वही भरते, पण सल्ला काय द्यायचा ते उमगत नाही. टिपण कसे घ्यावे?

आधी विरुद्ध बाजूचे नाव विचारा आणि केंद्राचे रजिस्टर चाळा. तोच भाऊ गेल्या महिन्यात तुमच्याकडेच सल्ला घेऊन गेला असेल, तर मुलाखत तिथेच थांबवायची.

मग दहा मिनिटे पेन खाली ठेवून ऐका. मध्येच तोडले की माणूस तुम्हाला हवे तेच सांगू लागतो. दुसऱ्या फेरीत चार रकाने आखा : तारीख, काय घडले, त्याचा कागद कोणता, तो आज कुणाकडे आहे. चौथा रकाना बहुतेक जण गाळतात आणि अस्सल खरेदीखत भावाच्या कपाटात असल्याचे पुराव्याच्या वेळी कळते. तारीख नक्की नसेल तर महिना लिहून शेजारी प्रश्नचिन्ह करा. अंदाजाने लिहिलेली तारीख दाव्यात ठाम वाक्य होऊन बसली, की उलटतपासात नेमकी तीच पकडली जाते.

जमिनीच्या वादात सातबारा पुढे आला की समाधान मानू नका. तो आणि फेरफार या महसुली नोंदी आहेत. त्यांवरून मालकी ठरत नाही. फेरफार कशाच्या आधारे पडला ते विचारा : वारसा, वाटप की खरेदीखत? तो मूळ कागद मागवा. आणि उठण्यापूर्वी एक साधा प्रश्न : तुम्हाला नेमके काय हवे आहे? पुष्कळांना वाटप नकोच असते, बांधावरची वाट मोकळी हवी असते. दावा त्यावरून बदलतो.

प्रश्न : एकाने मित्राला १० मार्च २०२३ रोजी हातउसने पैसे बँकेतून पाठवले. मित्र व्हॉट्सअॅपवर 'देतो' म्हणत राहिला. वकिलाची नोटीस दिली की मुदत वाढते ना?

नाही. हा गैरसमज केंद्रावर येणाऱ्यांत फार आहे, आणि विद्यार्थ्यांतही. मुदतीच्या कायद्याच्या (१९६३) अनुच्छेद १९ प्रमाणे उसन्या पैशांच्या वसुलीची मुदत पैसे दिल्यापासून ३ वर्षे. पहिला दिवस धरत नाहीत, म्हणून शेवटचा दिवस १० मार्च २०२६. त्या दिवशी कोर्ट बंद असेल तर ते उघडेल तो दिवस. नोटिशीचा काळ वजा होतो तो कायद्यानेच सक्तीच्या केलेल्या नोटिशीचा, उदाहरणार्थ सरकारविरुद्धच्या दाव्याआधीची, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची. उशीर माफ करणारे कलम ५ दाव्यांना लागूच नाही. शिवाय प्रतिवादीने मुद्दा काढला नाही तरी मुदतबाह्य दावा फेटाळणे कलम ३ मुळे कोर्टाला भाग आहे.

मुदत नव्याने सुरू होते ती कर्जाच्या लेखी, सही असलेल्या कबुलीने (कलम १८) किंवा काही रक्कम परत मिळाल्याने (कलम १९). कबुली किंवा रक्कम जुनी मुदत संपण्याआधीची हवी, आणि रक्कम दिल्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीची हवी. व्हॉट्सअॅप संदेशावर सहीचा वाद निघू शकतो, म्हणून एकट्या त्याच्या भरवशावर मुदत मोजू नका. पुरावा म्हणून मात्र ते संदेश जपा. नुसत्या स्क्रीनशॉटच्या प्रिंटने भागत नाही; भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते, त्याचा भाग अ पक्षकाराने आणि भाग ब तज्ज्ञाने भरायचा. तोवर फोन विकू नका, रीसेट करू नका, हे त्याच दिवशी सांगा.

प्रश्न : नोटिशीवर मी सही करू का? तारखेला उभा राहू का?

दोन्ही नको. अॅडव्होकेट्स अॅक्टच्या (१९६१) कलम ३३ प्रमाणे वकिली सनदधारकाचीच, म्हणजे बार कौन्सिलकडे नोंद असलेल्या वकिलाचीच. सनदेशिवाय ती केल्यास कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण हातउसन्या पैशांच्या मागणीची नोटीस पक्षकार स्वतःच्या सहीनेही पाठवू शकतो. मसुदा तुम्ही करा, केंद्राच्या वकिलाकडून तपासून घ्या, पोचपावती फायलीला लावा. कोर्टात जायची वेळ आली तर मोफत वकिलासाठी तालुका विधी सेवा समितीचा अर्ज भरून द्या. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व अपंग व्यक्ती यांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

प्रश्न : दाव्याचा मसुदा वकीलसाहेबांकडून लाल होऊन परत येतो. नेमके काय चुकते?

बहुतेकदा तीन-चार ठरलेल्या जागा. दाव्यात घटना लिहायच्या, पुरावा आणि निवाडे नाहीत. 'अमुक साक्षीदार सांगेल' हे वाक्य काढून टाका. मिळकतीच्या वर्णनात गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा पाहिजेत. चतुःसीमा चुकली तर हुकूमनामा मिळूनही दरखास्तीत, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीत, कोर्टाचा बेलिफ अडतो. वादाचे कारण केव्हा आणि कुठे घडले त्याचा परिच्छेद, मूल्यांकन आणि कोर्ट फी राहून जाते, मग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ७ रूल ११ चा, म्हणजे दावा सुरुवातीलाच नाकारावा असा, अर्ज येतो. सत्यापनात, म्हणजे मजकूर खरा असल्याच्या शेवटच्या निवेदनात, कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीचे आणि कोणते ऐकीव, हे आकड्यांनिशी लिहा.

सर्वांत महाग चूक मागणीच्या परिच्छेदात होते. ताबा गेलेला असताना नुसती मनाई मागून काही हाती लागत नाही. ताबाच मागावा लागतो. मालकीवर गंभीर शंका उभी असेल तर मालकी ठरवून मागायची. अनाथुला सुधाकर विरुद्ध पी. बुची रेड्डी (२००८) हा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा मसुदा करण्याआधी वाचा. एकाच कारणातून मिळू शकणारी मागणी परवानगीवाचून सोडलीत, तर ऑर्डर २ रूल २ मुळे तिच्यासाठी पुन्हा दावा करता येत नाही.

प्रश्न : समन्स घेऊन कुणी आले तर?

समन्स हातात कधी पडले ते पाकिटावर आणि पक्षकाराच्या तोंडून, दोन्हीकडून तपासा. लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचे उत्तर, त्या दिवसापासून ३० दिवसांत द्यायची. कारणे नोंदवून कोर्ट ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. साध्या दिवाणी दाव्यात त्यापुढेही अपवादाने परवानगी मिळते, व्यापारी दाव्यात १२० दिवसांनंतर अजिबात नाही. सोबत निशाणी ५ चा, म्हणजे दावा चालू असेपर्यंतच्या तात्पुरत्या मनाईचा, अर्ज आहे का ते पाहा. त्याची तारीख बहुधा आधीची असते आणि त्याला म्हणणे वेगळे द्यावे लागते. कैफियतीत 'सर्व मजकूर खोटा आहे' एवढ्यावर थांबू नका. एकेका विधानाला स्पष्ट नकार नसेल, तर ते विधान कबूल धरले जाऊ शकते.