आधी अपील, फौजदाराचं नंतर बघू

ताई, तुमचं पत्र वाचलं. फौजदाराने समोरच्यांकडून पैसे घेतले, रक्ताचा शर्ट घरात आणून टाकला, पंचाने ठाण्यात बसून कोऱ्या कागदांवर सह्या केल्या आणि भावाला खुनात जन्मठेप लागली. अशी पत्रं मला सतत येतात, गावं तेवढी बदलतात. पैसे घेतले असतील, नसतीलही. ते मी इथे बसून सांगू शकत नाही. मला खटकली ती तुम्ही शेवटी शेवटी, जाता जाता लिहिलेली ओळ: निकालाला चौदा महिने झाले, अपील केलेलं नाही, कारण ‘आधी त्या साहेबांची चौकशी लागू दे’ असं ठरलं होतं.

कोणी ठरवलं हे? सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली की उच्च न्यायालयात अपिलाची मुदत ६० दिवस. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, पण ते वजा करूनही तुमचं वर्ष वाया गेलं आहे. या काळात तुम्ही मुख्यमंत्री, गृहमंत्री, पोलीस अधीक्षक, मानवी हक्क आयोग, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग अशा सगळ्यांना अर्ज धाडले. यातल्या कुणालाही न्यायालयाचा दोषी ठरवणारा निकाल रद्द करता येत नाही. आयोगाला तर घटनेपासून एक वर्ष उलटलं की चौकशीच करता येत नाही, आणि तुमची घटना २०२१ची. त्या अर्जांच्या पोचपावत्या मात्र फेकू नका. विलंब माफीच्या अर्जाला त्या जोडायच्या आहेत.

मुदत कायद्याच्या कलम ५खाली पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ होतो. माणूस तुरुंगात असताना, शिक्षा जन्मठेपेची असताना न्यायालयं सहसा दार बंद करत नाहीत. पण तुमच्या बाबतीत काय होईल याची हमी मी देणार नाही. कारण खरं लिहा. ‘अज्ञान आणि गरिबी’ एवढ्यावर भागवू नका, कोणत्या महिन्यात काय केलं ते तारखांनिशी मांडा. तुमच्या आधीच्या वकिलांनी ‘अपील टाकतो’ म्हणून खर्च घेतला, असंही तुम्ही लिहिता. त्यांनी ते खरंच टाकलं का, हे ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर भावाच्या नावाने शोधलं असतंत तर पाच मिनिटांत कळलं असतं. अजूनही बघा. दोन अपिलं दाखल झाली तर वेगळाच घोळ होईल.

वकिलाच्या फीसाठी पैसे नाहीत म्हणून थांबू नका. कोठडीत असलेल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. भाऊ तुरुंगातूनच कारागृह अधीक्षकांमार्फत अपील पाठवू शकतो. निकालाची एक प्रत त्याला विनामूल्य मिळायला हवी होती, ती त्याच्याकडे आहे का ते विचारा. तुम्ही सोलापूर जिल्ह्याचे, म्हणजे १८ ऑगस्ट २०२५पासून तुमचं काम मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे. मुंबईच्या फेऱ्या तरी वाचल्या.

आता शर्टाकडे. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही. त्याला एकच खिडकी आहे, जुन्या पुरावा कायद्याचं कलम २७, नव्या कायद्यात कलम २३चं परंतुक. आरोपीने सांगितलं आणि त्यावरून वस्तू सापडली, तर तेवढाच भाग वाचता येतो. १९४६ साली पुलुकुरी कोट्टय्याच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, ही खिडकी किती रुंद ते ठरवून दिलं, आणि आपल्याकडचे निम्मे पंचनामे आजही तिच्यातून आख्खा कबुलीजबाब ढकलायला बघतात. तुमच्या भावाची केस याच शर्टावर उभी आहे. प्रत्यक्षदर्शी नाही, वैराची गोष्ट गावभर आहे पण ती कच्ची.

म्हणून वकिलाला पुढचे कागद द्या आणि फौजदाराच्या बंगल्याचे फोटो घरीच ठेवा. निवेदन पंचनामा, म्हणजे शर्ट कुठे आहे हे भावाने सांगितलं असं पोलिसांनी लिहिलेला कागद, आणि जप्ती पंचनामा. पंचाची साक्ष, विशेषतः उलटतपासणी. जप्त वस्तूंच्या नोंदीचं, म्हणजे मुद्देमाल रजिस्टरचा उतारा: शर्ट जप्त झाला त्या दिवशी सीलबंद झाला का, रासायनिक विश्लेषकाकडे कधी गेला, मधले दिवस कुठे पडून होता, नेला कुणी. पोलीस ठाण्याच्या स्टेशन डायरीतली जाण्या-येण्याची नोंद. घराच्या झडतीला जायला निघाल्याची वेळ निवेदन संपण्याच्या आधीची निघाली, म्हणजे भावाने सांगायच्या आधीच पोलीस निघाले होते, तर मला लाचेचा पुरावा नकोच आहे.

पंच आता ‘मी खोटं बोललो’ असं स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायला तयार आहे म्हणता. कृपा करून असलं काही लिहून घेऊ नका. निकालानंतर फिरलेल्या साक्षीदाराकडे न्यायालय संशयानेच बघतं, आणि त्याला तुम्ही पैसे दिले असा आरोप व्हायला वेळ लागत नाही. जादा पुरावा घ्यायचा तर अपिलात अर्ज करून, न्यायालयाच्या परवानगीने.

त्या रात्री भाऊ पंढरपुरात होता, मोबाइलच्या टॉवरवरून कळेल, हे खटल्यातच मागायला हवं होतं. कंपन्यांना असा तपशील ठरावीक काळच ठेवावा लागतो, तो काळ संपला असणार. एक शक्यता उरते: तपासी अंमलदाराने तो मागवला, पण आरोपपत्राला लावला नाही. अशा न वापरलेल्या कागदांची यादी आरोपीला मिळाली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये सांगितलं आहे. ती यादी मागा.

दडवलेला कागद काय करू शकतो ते जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या खटल्यात दिसलं. दरोडा आणि खुनांची घटना जून २००३ची, सहा जणांना फाशी, उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली, पण २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच दिली. फेरविचारात उघड झालं की वाचलेल्या महिलेने पोलिसांच्या अल्बममधून भलतीच चार माणसं ओळखली होती आणि त्यांच्यामागे कुणी गेलंच नाही. मार्च २०१९मध्ये सहाही जण सुटले, प्रत्येकाला ५ लाख रुपये द्या आणि चुकार अधिकाऱ्यांवर कारवाई करा, असा आदेश झाला. कुणी किती खाल्ले हे तिथे सिद्ध करावं लागलं नाही. सोळा वर्षं गेली ती गेलीच, त्याबद्दल न्यायालयांना काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

क्रम तोच ठेवा. निर्दोष सुटका झाली तर दोषी तपास अधिकाऱ्यांवर विभागीय कारवाईची वाट सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या किशनभाई निकालाने घालून दिली आहे. खोट्या पुराव्याबद्दल फिर्याद न्यायालयानेच द्यायची असते, ती विनंती अपिलातच करता येते. लाचलुचपतवाल्यांकडे पाच वर्षांपूर्वीच्या व्यवहाराचा नुसता संशय घेऊन गेलात तर फार काही होईल असं मला वाटत नाही. पैसे दिल्याचा माणूस किंवा नोंद हाती असेल तर गोष्ट वेगळी.

शिक्षा स्थगित करून जामिनाचा अर्ज अपिलासोबत करा. खुनाच्या शिक्षेत तो सहज मिळत नाही, ‘जामीन मिळेल’ असं वकील म्हणाले तरी लगेच जमीन विकायला काढू नका. या आठवड्यात भावाची भेट घ्या, वकीलपत्रावर आणि विधी सेवेच्या अर्जावर त्याची सही घ्या, आणि नकलेचा अर्ज केला होता का हे त्या जुन्या वकिलांकडून लेखी घ्या.