मुंबईत 4 फुटी फिशटँकला फिल्टर कोणता घ्यावा आणि उन्हाळ्यात पाणी थंड कसं ठेवावं?

तुमचा टँक 4 बाय दीड बाय 2 फूट, भांडुपचा पश्चिमेकडचा हॉल, आणि तुमचा दुकानदार म्हणतोय की कॅनिस्टरबरोबर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) चिलरही (पाणी थंड करणारं यंत्र) लागणारच. माझं मत विचाराल तर पैसे आधी फिल्टरवर घाला. चिलर बहुधा लागणार नाही. मासे कोणते यावर ते ठरतं, आणि नेमकं तेच तुम्ही लिहिलेलं नाही.

हा टँक काठोकाठ 340 लिटरचा. रेती-दगड वजा जाता 300 लिटर पाणी धरा. ते तासाला चार-पाच वेळा फिल्टरमधून फिरलं पाहिजे. खोक्यावरचा आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो. आत स्पंज आणि सिरॅमिक रिंग भरल्या, महिनाभराचा गाळ बसला की तो बराच खाली येतो, म्हणून तासाला 2000 लिटरच्या आसपासचा घ्या. संप, म्हणजे टँकखाली ठेवलेली फिल्टरची दुसरी टाकी, मलाही आवडतो. पाणी वाढतं, हवा चांगली मिसळते. पण वीज गेली की वरचं पाणी खाली उतरतं आणि संपमध्ये तेवढी जागा नसेल तर हॉलमध्ये येतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंशी बोलणं चालू ठेवायचं असेल तर कॅनिस्टर बरा. जोडीला एअर पंपावर चालणारा मोठा स्पंज फिल्टर ठेवा. तो स्वस्त असतो आणि कॅनिस्टर बंद पडला तर तोच मासे वाचवतो.

रिंगांवर जो बुळबुळीत तपकिरी थर बसतो, तोच खरा फिल्टर. त्यातले जिवाणू माशांच्या घाणीतला अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हा थर जमायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर मासे भराभर आणू नका, कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारात कितीही छान दिसले तरी. आणि रिंग नळाखाली कधीच धुऊ नका; क्लोरीनने जिवाणू मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने विसळा.

आता उष्णता. 25 अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण 8.2 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 32 अंशांना 7.3. त्याच वेळी माशांची गरज मात्र वाढलेली असते, जिवाणूंचीही. मे महिन्यात पहाटे मासे पाण्याच्या पृष्ठाशी तोंड उघडून भपभप करताना दिसले तर थर्मामीटर बघण्याआधी हवा वाढवा. कॅनिस्टरचा स्प्रे बार (पाणी टँकमध्ये परत सोडणारी भोकांची नळी) पाण्यात बुडवून न ठेवता किंचित वर धरा, पाणी खळखळलं पाहिजे. आवाज होतो, सवय होते.

थंडाव्यासाठी वरची काच काढून जाळी बसवा आणि दोन-तीन 12 व्होल्टचे छोटे पंखे पाण्यावर तिरके लावा. एक लिटर पाण्याची वाफ झाली की 340 लिटर पाणी पावणेदोन अंशांनी उतरेल एवढी उष्णता ती घेऊन जाते. मुंबईची दमट हवा मात्र आडवी येते, त्यामुळे मे-जूनमध्ये दोन अंश उतरले तरी खूप. ऑक्टोबरच्या उन्हात पंखे जास्त चांगलं काम करतात. हॉलमध्ये एसी असेल तर तोही हवा कोरडी करतो. बर्फाच्या बाटल्या टाकू नका, तापमान झटक्यात उतरतं-चढतं आणि मासे आजारी पडतात.

डिस्कस माशांना 28 ते 30 अंश हवेच असतात. एंजल, गुरामी, बार्ब यांनाही पंखे आणि भरपूर हवा असेल तर उन्हाळा निभावतो. गोल्डफिश हा थंड पाण्यातला मासा, आपण उगाच सोपा समजतो. तोच हवा असेल तर मात्र पाव हॉर्सपॉवरचा चिलर घ्या. तो कपाटात कोंडू नका. पाण्यातली उष्णता तो खोलीतच फेकतो, बंद जागेत ठेवला तर स्वतःच तापून निकामी होतो.

पंख्यांमुळे रोज कमी होणारं पाणी अँटी-क्लोरीन घालूनच भरा, आणि सकाळी भरा, दुपारी गच्चीवरच्या टाकीतून गरम पाणी येतं. सोसायटीची टाकी धुतील त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाणी बदलूच नका. ब्लीचिंग पावडर किती पडली असेल याचा नेम नसतो.