मग भजन रचलं कोणी?

प्रश्न : भाऊ, मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेले, आमच्या मंडळाचं नाटक असते. यंदा मीच लिहिलं. आमचा हिरो वीज पडून आजोबाच्या जवानीत जाते अन् तुकडोजी महाराजांसमोर ‘या झोपडीत माझ्या’ म्हणते. महाराज ऐकतात अन् मंग तेच भजन लिहितात. पोट्टे खूश आहेत, पण गावचे मास्तर अडून बसले : ‘मंग भजन रचलं कोणी?’ काय सांगू त्यायले?
– एक वाचक, वडसा तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : मास्तरांना आधी चहा पाजा. हिरो शिकला महाराजांचं भजन ऐकून, महाराजांनी घेतलं हिरोकडून. रचायला कोणी उरलाच नाही.

१९८५ च्या ‘बॅक टू द फ्यूचर’ चित्रपटात हाच पेच आहे. पोरगा १९५५ सालात जातो आणि शाळेच्या नाचगाण्यात ‘जॉनी बी. गुड’ वाजवतो. अमेरिकन गायक चक बेरीचं हे गाणं खरं तर १९५८ चं. तिथला बँडवाला लगेच आपल्या चुलतभावाला, म्हणजे चक बेरीलाच, फोन लावून ते ऐकवतो. थेटरात हशा पिकतो. मला मात्र तो विनोद खटकतो. सीन नोव्हेंबरचा आहे आणि त्याच वर्षीच्या जुलैत बेरीचं ‘मेबलिन’ हे गाणं येऊन गाजलंही होतं. त्याला कोणाच्या फोनची गरज नव्हती. (हेच ‘जॉनी’ १९७७ साली व्हॉयेजर यानाच्या सोनेरी तबकडीवर चढून अवकाशात गेलं. सोबत आपल्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे.)

तुमच्या नाटकात तर गोष्ट अजून नाजूक. खंजिरी घेऊन गावोगाव फिरत ज्यांनी लोक जागे केले, त्यांना तुम्ही उतरवून घेणारा कारकून केलं! आपल्या झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भाचा, प्रेक्षक रात्रभर बसतो, पण हे खपवून घेणार नाही. मी बरीच वर्षं झाडीपट्टीत पेटीवर बसलो आहे. ओळखीची चाल सुरू झाली की पहिल्या सुरालाच मागच्या रांगेतल्या बायाही गुणगुणू लागतात. गाणं पेंडॉलला माहीत आणि हिरोला वाटतं ते नवीन, ही खरी गंमत. ती सोडू नका.

फक्त साल थोडं पुढे सरकवा. महाराजांचं भजन रचून झाल्यावर हिरोला पोचू द्या. गडी ऐटीत पहिली ओळ म्हणतो, ‘ऐका, नवीन आहे!’ आणि धान निंदणारी एखादी म्हातारी मान वर न करताच दुसरी ओळ घेते. मग बांधावरचे सगळेच. हिरोचं तोंड पाहायला लोक वन्स मोअर मागतील, आणि मास्तरांचा प्रश्नही सुटेल. महाराजांना स्टेजवर आणूच नका. त्यांचं नुसतं भजन पुरे.

आणि ऑक्टोपॅड, म्हणजे ते विजेवरचं तालवाद्य, त्या जुन्या काळाच्या सीनला बंद ठेवा. त्या चित्रपटातल्या पोराच्या हातातली गिटारसुद्धा १९५५ साली बाजारात आलेली नव्हती, लोकांनी ते बरोबर पकडलं. खंजिरीवाला मात्र आतापासूनच हेरून ठेवा. धान कापणीला लागल्यावर कोणी तालमीला येत नाही.