आई-वडील सांगलीत, आपण परदेशात: विस्मरणाची तपासणी केव्हा करावी?

आई-वडील सांगली-मिरजेत आणि मुले परदेशात, अशा कुटुंबांत अल्झायमर, म्हणजे हळूहळू वाढत जाणारा विस्मरणाचा आजार, बहुधा उशिरा लक्षात येतो, कारण फोनवर तो सहज झाकला जातो. "जेवण झालं का, तिकडे थंडी किती, मुलं काय म्हणतात" हे विचारण्यासाठी ताजी आठवण लागत नाही. वर्षानुवर्षांची सवयच ते बोलणे निभावून नेते. त्यामुळे शेजारच्या काकू किंवा घरकामाच्या मावशी "काकांचं हल्ली काहीतरी बिनसलंय" असे म्हणू लागल्या, तर वयोमानाने होतेच असे म्हणून तो विषय उडवून लावू नये.

पुढच्या सुट्टीत घरी गेल्यावर व्यवहाराकडे लक्ष द्या. एखादे नाव चटकन न आठवणे सत्तरीत पुष्कळांचे होते, परंतु मार्केट यार्डातल्या पेढीवर हळदीचे हिशेब तोंडी करणारे वडील रिक्षावाल्याने परत दिलेली सुटी नाणी हातात घेऊन घुटमळत असतील, विजेचे बिल दोनदा भरले गेले असेल, गोळ्यांच्या डबीतले मंगळवार-बुधवारचे कप्पे तसेच भरलेले असतील किंवा आईचा रोजच्या आमटीचा क्रम चुकू लागला असेल, तर डॉक्टरांकडे जायला हवे. यांपैकी काहीच नसताना सरसकट सर्वांची चाचणी करावी, असे मी सुचवणार नाही.

प्राथमिक चाचणी साधी असते. तारीख-वार विचारतात, काही शब्द लक्षात ठेवायला सांगतात, कागदावर घड्याळाचे चित्र काढायला लावतात. अशा प्रचलित चाचण्यांत एकूण 30 गुण असतात. गुण कमी पडले म्हणजे अल्झायमरच झाला, असे मात्र मुळीच नाही. शाळा लवकर सुटलेल्या आईला आजार नसतानाही कमी गुण मिळू शकतात, आणि ऐकू कमी येत असेल तर प्रश्नच नीट पोहोचत नाही. म्हणून चष्मा आणि श्रवणयंत्र आठवणीने सोबत न्यावे. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य, झोपेच्या काही गोळ्या यांमुळेही विस्मरण होते, आणि त्यावर उपाय करता येतो. ब-12 ची कमतरता शाकाहारी घरांत तर बरीच आढळते, तेव्हा रक्ततपासणी टाळू नका.

निदान अल्झायमरचेच झाले, तर आजार पूर्ण बरा करणारे औषध आज नाही. डोनेपेझिलसारख्या औषधांनी काही रुग्णांना काही काळ मदत होते. तरीही निदान लवकर व्हावे असे मला कळकळीने वाटते, कारण बँकेची कामे कोणी पाहावीत, मृत्युपत्र कसे असावे, सांगलीतच राहायचे की मुलांकडे जायचे, हे वडिलांना तेव्हा स्वतः ठरवता येते.

तपासणीला नेताना त्यांना फसवून नेऊ नका. "साखर, रक्तदाब पाहतोच आहोत, त्याबरोबर स्मरणशक्तीचीही तपासणी करून घेऊ" असे सरळ सांगावे, आणि सोबत रोज त्यांच्याजवळ असणारे माणूसही न्यावे.