बिलावर 'लौंग सेव'च्या जागी 'नल' का छापतंय

भिया, दोन्ही लफड्यांचं मूळ एकच आहे. तू लिहिलंयस की तुझ्या जावा प्रोग्रॅममध्ये बिल या पॅरेंट क्लासमध्ये (ज्याच्यावरून दुसरा क्लास बनतो तो) दुकानाचं नाव घेणारा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड) टाकला अन् लगेच नमकीनबिल या चाइल्ड क्लासला एररच्या लाल रेघा आल्या, त्या कशाबशा घालवल्या तर आता 'लौंग सेव' या मालाच्या जागी 'नल' (म्हणजे व्हॅल्यूच नाही) छापून येतंय.

आधी लाल रेघा. जावात तू एकही कन्स्ट्रक्टर लिहिला नाहीस तर कंपायलर एक रिकामा आपणहून देतो, स्वतःचा एक जरी लिहिलास की देणं बंद. आणि चाइल्डच्या कन्स्ट्रक्टरमध्ये सुपर (पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर बोलावणारी ओळ) नसेल तर कंपायलर गुपचूप बिनआर्ग्युमेंटचा (कंस रिकामा असलेला) सुपर चिकटवतो, पण तसा कन्स्ट्रक्टर आता पॅरेंटकडे उरलेलाच नाही, मग बोंबलणारच. मेथड वारशात येतात, कन्स्ट्रक्टर येत नाहीत (व्हायव्हात विचारतात हे). तू पॅरेंटमध्ये रिकामा कन्स्ट्रक्टर टाकून रेघा घालवल्या असशील, सगळे तेच करतात, पण मग बिनानावाच्या दुकानाचं बिल बनू शकतं. तो काढ, सुपरला दुकानाचं नाव दे.

आता खरी गंमत 'नल'ची. न्यू म्हटलं की ऑब्जेक्ट एकच बनतो, पॅरेंटचा वेगळा अन् चाइल्डचा वेगळा असं काही नसतं. त्या एकाची सगळी मेमरी आधी शून्य किंवा नलने भरते. मग पॅरेंटची फील्ड (क्लासमधली व्हेरिएबल) आणि पॅरेंटच्या कन्स्ट्रक्टरचा कोड, आणि तो संपल्यावरच चाइल्डची फील्ड, शेवटी चाइल्डच्या कन्स्ट्रक्टरचा बाकीचा कोड. तू बिलच्या कन्स्ट्रक्टरमधून छाप ही मेथड बोलावतोस, ती नमकीनबिलने ओव्हरराइड केलीय (त्याच नावाची स्वतःची लिहिलीय), जावा चाइल्डवालीच चालवतो आणि ती जे 'प्रकार' नावाचं फील्ड वाचते त्यात 'लौंग सेव' अजून पडलेलंच नाही. पोहे वाफेवरच आहेत अन् तू प्लेट पुढे करतोयस. डिबगरमध्ये नंतर बघितलं तर व्हॅल्यू बरोब्बर दिसते, म्हणून माणूस चक्रावतो. फील्डला फायनल (व्हॅल्यू पुन्हा बदलायची नाही) लावून तिथेच 'लौंग सेव' लिहिलंस तर छापून येईलही, कारण कंपायलर तो कॉन्स्टंट थेट मेथडमध्ये घालतो, पण त्याला इलाज समजू नकोस, उद्या प्रकार बाहेरून घ्यायचा झाला की पुन्हा नल.

इलाज साधा आहे, कन्स्ट्रक्टरमध्ये फक्त व्हॅल्यू भर, छापणं बाहेरून ऑब्जेक्ट पूर्ण झाल्यावर. ओव्हरराइड होऊ शकणारी मेथड कन्स्ट्रक्टरमधून बोलवायचीच नाही.

तुझा मित्र म्हणतो सी प्लस प्लसमध्ये असं होत नाही, ते अर्धंच खरं आहे. तिथे बेसच्या, म्हणजे पॅरेंटच्या, कन्स्ट्रक्टरमधून व्हर्च्युअल फंक्शन (ओव्हरराइड होऊ शकणारं) बोलावलं तर बेसचंच चालतं, म्हणजे कचरा नाही छापणार पण तुला हवं तेही नाही छापणार. पायथनचं तर वेगळंच, चाइल्डमध्ये स्वतःचा इनिट (तिथला कन्स्ट्रक्टरच समज) लिहिलास आणि सुपरचा इनिट हाताने बोलावला नाहीस तर पॅरेंटचा चालतच नाही.

आणि हो, 'सुपर पहिल्याच ओळीत हवं' हा नियम जावा 25 मध्ये सैल झालाय, सुपरच्या आधी आर्ग्युमेंट तपासता येतात, आणि ज्या फील्डला जागेवर व्हॅल्यू दिलेली नाही ते आधी भरताही येतं. पण कॉलेजच्या लॅबमध्ये जुनं व्हर्जन असेल तर तिथे एररच येईल, आधी व्हर्जन बघ.

अजून पटत नसेल तर दोन्ही कन्स्ट्रक्टरमध्ये आणि छापमध्ये एकेक प्रिंट टाकून चालव, क्रम डोळ्यांनी दिसेल. तरी अडलं तर पूर्ण कोड टाक, मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा फोटो नको.